परसात फरशी घालण्याआधी

सोमवार, जेवणाची सुट्टी

तीर्थस्वरूप दाजींना,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (‘वाकून’ हा शब्द सवयीने लिहिला गेला. डॉक्टरांनी मला अजून पंधरा दिवस वाकायला बंदी केली आहे, तेव्हा नमस्कार उभ्यानेच पोचला असं समजा.) तुमचे गुडघे कसे आहेत? ताईची साखर आटोक्यात आहे का, आणि ती आटोक्यात आहे असं ताई सांगते की रिपोर्ट सांगतो? परसातली वांगी कशी आहेत? दुपारी अजून माना टाकतात का? धुण्याच्या दगडाजवळचं ते जुनं, खुरटलेलं झाड अजून उभं आहे ना? उत्तर देताना गुडघ्यांबद्दल थोडक्यात लिहिलंत तरी चालेल, वांग्यांबद्दल मात्र सविस्तर लिहा.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. मोजणी खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचं पत्र असल्यामुळे त्यात परसाची लांबी-रुंदी, लागणाऱ्या फरशांची संख्या आणि त्यातल्या कापताना किती फुटतील याचा अंदाज, सगळं होतं. येत्या रविवारी गवंडी येणार, मातीचं तोंड कायमचं बंद होणार, आणि वर ताई दोन खुर्च्या टाकून बसणार. म्हणजे निर्णय पक्का दिसतो. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘एकोणीस वर्षं झाली. आपल्या हाताला गुण नाही हे मान्य करायला एवढी वर्षं पुरेत.’ ते वाक्य वाचल्यावर मला जेवण गेलं नाही. (आमच्या मंडळींनी त्याचं खापर पथ्याच्या जेवणावर फोडलं. मी फोडू दिलं.) हे सगळं फोनवर बोललो असतो, पण तुमच्याकडे फोन वाजला की ताई तो स्पीकरवर टाकते, आणि मग बोलणं तुमच्याशी न होता अख्ख्या घराशी होतं. म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतोय. बुधवारपर्यंत पोचावं. नाही पोचलं तर माझं नशीब, आणि नशिबाचा सध्याचा कल पाहता मी दोन प्रती वेगवेगळ्या कुरिअरने पाठवणार आहे. दुसरी आली तर ती वाचू नका, तीत काही नवीन नाही.

माझं हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं. त्रास ऑपरेशनचा झाला नाही, रजेचा झाला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी सलग सहा आठवडे रजा कधी घेतली नव्हती. लोक म्हणायचे, हा कामाला जुंपलेला बैल आहे. तसं काही नव्हतं, मला फक्त भीती वाटायची की मी नसताना काहीतरी होईल. यावेळी मंडळींनी माझा फोन कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली, आणि मी नसताना काहीतरी झालं.

काय झालं ते कळायला मी नक्की काय काम करतो ते तुम्हाला माहीत हवं, आणि ते आपल्या घरात कुणालाच माहीत नाही. ताई सगळ्यांना सांगते की आमचा भाऊ जंतांचा डॉक्टर आहे. त्यामुळे तुमच्याकडे आलो की शेजारपाजारचे लोक मुलांना घेऊन गोळ्या मागायला येतात. दाजी, माझे जंत माणसाच्या पोटात राहत नाहीत. ते झाडाच्या मुळात राहतात. त्यांना सूत्रकृमी म्हणतात. डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक दोरा, तोंडात एक पोकळ सुई. अंड्यातून निघालेलं पिल्लू मातीतल्या ओलीतून वळवळत कोवळ्या मुळाच्या टोकाशी येतं. तिथे ते धसमुसळेपणा करत नाही. सुईतून काही प्रथिनं सोडतं आणि त्यांनी पेशींच्या भिंती जरा मऊ होतात, मग दोन पेशींच्या मधून अंग चोरत आत जातं. आत गेल्यावर मनाजोगती जागा शोधतं, आजूबाजूच्या पाच-सहा पेशींना सुई लावतं, आणि आणखी वेगळी प्रथिनं सोडतं. झाडाकडे घुसखोर आला की ओरड करायची सोय असते. यातलं एक प्रथिन ती ओरडच बंद करतं. झाडाला सांगतं की काही झालेलं नाही, सगळं ठीक आहे. मग बाकीची प्रथिनं त्या पेशींना फुगायला लावतात, त्या नेहमीच्या शंभरपट मोठ्या होतात आणि रात्रंदिवस पाहुणीसाठी रांधत बसतात. पाहुणीच म्हणायचं, कारण ती मादी असते. ती तिथे बसून खाते, फुगून पेरूएवढी गरगरीत होते (सूक्ष्मदर्शकाखालचा पेरू), आणि पुन्हा जन्मात जागची हलत नाही. चारशे अंडी घालते. त्यासाठी तिला नराची गरजही लागत नाही. पिल्लं हुबेहूब आईची नक्कल निघतात, त्यांची पिल्लंही तशीच, म्हणजे वीस वर्षांनीसुद्धा वाण तोच. (हे मी मंडळींना लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कौतुकाने सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, हुशार आहेत.) मुळावर गाठी येतात, पण त्या जमिनीखाली. वर झाड नुसतं खुरटतं. बुडात पाणी असूनही दुपारी तहानेने मान टाकतं. धन्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

तर हे कृमी जिवंत ठेवणं हेच माझं काम. तेही साधे कृमी नव्हेत, आमच्या सरांचे. सरांनी ते तरुणपणी एका टोमॅटोच्या शेतातून आणले. त्या वाणाचं ते ओरड बंद करणारं प्रथिन जरा निराळं आहे, दुसरीकडच्या कृमींमध्ये ते सापडत नाही, आणि आमच्या प्रयोगशाळेचं सगळं काम त्या एका प्रथिनावर उभं आहे. निवृत्त होताना सरांनी मला काचघराची किल्ली दिली आणि म्हणाले, “प्रयोग पुन्हा करता येतो. हे पुन्हा मिळणार नाहीत. हे जगव.” मी जगवले. कुंडीत टोमॅटो लावायचा, त्याला कृमी लागू द्यायचे, झाड मरायला टेकलं की त्याच्या गाठी घेऊन पुढच्या टोमॅटोला लावायच्या. झाड रोगट असलं की आमचं काम ठीक चाललंय. आमच्या नोंदवहीत सव्वीस वर्षं रोज हेच लिहिलेलं आहे, ‘झाडे पिवळी, वाढ खुंटलेली, स्थिती समाधानकारक.’ बाहेरच्या माणसाने वाचलं तर आम्हाला वेड्यांच्या इस्पितळात पाठवील.

बाहेरचं माणूस आलं. माझ्या रजेच्या दुसऱ्याच दिवशी काचघरावर नवीन माळीणबाई रुजू झाल्या. बाई कामाला वाघ. आधी एका रोपवाटिकेत होत्या. त्यांनी काचघराचं दार उघडलं आणि आत चाळीस कुंड्यांमध्ये चाळीस मरणप्राय टोमॅटो पाहिले, पिवळे, लुळे, एकालाही धड फळ नाही. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं मी होतो, आणि मी घरी मऊ भात खात होतो. बाईंचा जीव तुटला. त्यांनी सगळी झाडं उपटून जाळली. सगळी माती वाफवली, तीही दोनदा. नवीन रोपं आणली, ती रोपवाटिकेतली ओळख वापरून नेमकी अशा जातीची की जिला कृमी लागत नाहीत. आणि वर प्रत्येक कुंडीत एकेक झेंडू लावला, कारण झेंडूने मुळं निरोगी राहतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. दाजी, या कृमींना मारण्याचे जेवढे उपाय पुस्तकात आहेत तेवढे त्या बाईंनी पुस्तक न उघडता एका आठवड्यात केले. आडोशाला तीन कुंड्या मी वेगळ्या ठेवल्या होत्या, जोखीम नको म्हणून. त्यांच्यावर लाल अक्षरात ‘हात लावू नये’ अशी पाटी होती. बाईंनी पाटीचा मान राखला. हातमोजे घालून उपटल्या.

तुम्ही विचाराल, बाकीचे काय करत होते. आमचे सहायक दोन वर्षांत निवृत्त होतील. त्यांना सगळे ‘घड्याळ’ म्हणतात, कारण ते दहाला येतात, पाचला जातात आणि मधल्या वेळात फक्त चालू असतात. त्यांना बदल दिसला. त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवहीत लिहिलं, ‘झाडे हिरवीगार, भरपूर फुले, स्थिती असमाधानकारक.’ रोज लिहिलं. एकतीस दिवस. वाचणारा मीच होतो आणि मी घरी होतो. फोन का केला नाही, असं विचारल्यावर म्हणाले की वहीत कळवलं होतं.

मी रुजू झालो त्या सकाळी दारातच थबकलो. काचघर हिरवंगार, लालबुंद टोमॅटो, मधे मधे केशरी फुलं. संचालक आत उभे राहून फोटो काढून घेत होते. सव्वीस वर्षांत ते काचघरात पहिल्यांदा आले होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले की रजेने तुम्हाला चांगलाच हुरूप आलेला दिसतो. माळीणबाई कोपऱ्यात पदराला हात पुसत उभ्या होत्या. संचालक गेल्यावर माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, कुणाचं लक्षच नव्हतं यांच्याकडे. पोरक्यासारखी झाली होती बिचारी. आता बघा.” मी बघितलं. मला ओरडायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघितला. छान झालंय म्हणालो आणि प्रयोगशाळेत जाऊन स्टुलावर बसलो. दुपारी घरी फोन करून मंडळींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “झाडं बरी झाली म्हणून रडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय.”

आता खरी अडचण ऐका. सात आठवड्यांनी आमचं काम तपासायला समिती येणार आहे. आम्ही चार वर्षं खपून टोमॅटोची बारा रोपं तयार केली आहेत. कृमीचं ते प्रथिन झाडाच्या ज्या भागाला पकडून ओरड बंद करतं, तो भाग या रोपांमध्ये आम्ही बदललाय. म्हणजे कृमीने कितीही सांगितलं की सगळं ठीक आहे, तरी ही रोपं ऐकणार नाहीत, ओरडतील. कागदावर असं आहे. प्रत्यक्षात ओरडतात का, हे समितीला दाखवायचं. दाखवलं तर काम पुढे चालेल. नाही दाखवलं तर आमची खोली शेजारच्या संगणक विभागाला जाणार. त्यांचा माणूस टेप घेऊन मोजून गेलासुद्धा. रोपं तयार आहेत, समिती तयार आहे, कृमी नाहीत. दुसऱ्या वाणाचे आणून उपयोग नाही, हा सगळा घाट त्या एकाच प्रथिनासाठी आहे.

मी काय काय केलं ते थोडक्यात लिहितो, कारण लिहिताना पुन्हा दम लागतो. राखेच्या खड्ड्यात एखादं न जळलेलं मूळ मिळतं का ते पाहिलं. (वाकायची बंदी असल्यामुळे मी काठावर उभा राहून सूचना करत होतो आणि घड्याळ खड्ड्यात होते. पाचला ते खड्ड्यातून निघून घरी गेले.) फ्रीजमधल्या जुन्या बाटल्या तपासल्या, सगळे मेलेले. पूर्वी एका मित्राच्या संस्थेला थोडे कृमी दिले होते, त्याला फोन केला. तो म्हणाला, बरं झालं तूच फोन केलास, आमचे गेल्या वर्षी मेले, मी तुझ्याकडेच मागणार होतो. काल सरांना भेटायला गेलो. सर आता नव्वदीत आहेत, बरंचसं विसरतात, माझं नावही कधी कधी आठवत नाही. पण दर वेळी विचारतात तेच काल विचारलं, “पिल्लं बरी आहेत ना?” मी म्हणालो, हो सर, बरी आहेत.

तर दाजी, असं आहे सगळं. मी थकलोय. बढती, मान, कशाचंच काही वाटेनासं झालंय, पण एका म्हाताऱ्या माणसाने विश्वासाने सोपवलेली गोष्ट माझ्या हातून गेली, याचं वाईट वाटतं. तुम्हाला हे लिहून जरा मोकळं वाटलं. फरशीबद्दल माझं नम्र मत असं की घाई करू नये. माती उघडी असलेली बरी, पाणी मुरतं. बाकी ठीक. ताईला साखरेवरून बोलू नका, ती मला फोन करते.

तुमचा,
ताईचा धाकटा भाऊ

ता. क. फरशीबद्दल वर ‘नम्र मत’ लिहिलं ते भिडेपोटी. गवंड्याला येऊ देऊ नका. तो आलाच तर चहा पाजून परत पाठवा. कारण विचारलं तर मेहुण्याला वेड लागलंय म्हणून सांगा, त्याला पटेल.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवून पुन्हा उघडलं. दाजी, एकोणीस वर्षांपूर्वी तुमच्या नव्या घरी मी पहिल्यांदा आलो तेव्हा भेट म्हणून वांग्याची तीन रोपं आणली होती, आठवतं? खरं म्हणजे भेट आणायला विसरलो होतो. निघता निघता काचघरातल्या तीन कुंड्या उचलल्या, रोपं दुसऱ्याची, आणि माती समोरच्या पोत्यातली भरली. ते पोतं कुठलं होतं ते चार महिन्यांनी कळलं, तुम्ही लिहिलंत तेव्हा, की भरपूर पाणी देऊनही वांगी दुपारी माना टाकतात. पत्र वाचताक्षणी कळलं, ती सरांच्या कृमींची माती होती. तुम्हाला उत्तर लिहिलं, पाणी जास्त होतंय. मग तुम्ही पाणी कमी केलंत. मग मी ऊन कमी पडतंय म्हणालो आणि तुम्ही शेजाऱ्याशी भांडून त्याच्या झाडाची फांदी तोडलीत. मग शेणखत, मग नदीची माती, मग वाफ्यांची दिशा. एकदा ताई म्हणाली होती की सरळ झेंडू लावू या, तर मीच नको म्हणालो. का, ते आता सांगतो. मला भीती वाटली की झेंडूने गुण येईल आणि तुम्ही विचाराल का आला. तुमच्या मुळांत ते प्रथिन जे करत होतं, तेच मी पत्रांतून तुमच्याशी करत होतो.

तिसरा ता. क. आता विनंती. धुण्याच्या दगडाजवळचं ते जुनं वांगं सकाळी उन्हाआधी खणून काढा. ओढू नका, मुळं तुटतात. मुळं धुऊ नका. गाठी दिसतील, मण्यांसारख्या, त्या पाहून घाबरू नका. मुळं मातीसकट ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि पाकिटावर ‘उन्हात ठेवू नये’ असं लिहून त्याच दिवशी कुरिअरला द्या. शनिवारी मिळाली तर अंडी फुटायला आठवडा, मुळात शिरून गाठी दिसायला चार आठवडे, म्हणजे समितीच्या आधी एक आठवडा हातात उरतो. तुमच्या मातीत दुसरेही कृमी शिरले असतील, पण सरांचे आहेत की नाहीत हे आम्ही दोन दिवसांत ओळखू. मला वाटतं, आहेत. तुमची ती एकोणीस वर्षांची बागेची वहीसुद्धा झेरॉक्स करून पाठवा. कुठल्या वाफ्यात कुठलं झाड कधी माना टाकू लागलं, इतकी बारीक नोंद आमच्याकडेही नाही. समितीला दाखवीन, तुमच्या नावासकट. फक्त ताईला यातलं काही कळू देऊ नका.

चौथा आणि शेवटचा ता. क. वरचं शेवटचं वाक्य खोडणार होतो, मग म्हटलं राहू दे, माणूस कसा आहे ते तुम्हाला कळू दे. दाजी, मी आणि सहायक, दोघांनी मिळून काचघर, फ्रीज आणि पगार असूनही जे सहा आठवडे जगवता आलं नाही, ते तुम्ही एकट्याने, काही माहीत नसताना, एका पाण्याच्या झारीवर एकोणीस वर्षं जगवलंत. पाहुण्यांसमोर वांग्याची भाजी बाजारची आहे असं ताई सांगते आणि वर म्हणते, “यांच्या हाताला गुणच नाही.” तुम्ही तेव्हा खाली बघता. मी दर वेळी तिथे बसलेलो असतो. ते तिने यापुढे म्हणू नये. तेव्हा मुळं पाठवली की तिला हे पत्र वाचायला द्या, पहिल्या ओळीपासून. त्या बारा रोपांपैकी आमची जी वाचतील त्यांतलं पहिलं परवानगी मिळताच तुमच्या परसात लावायला मी स्वतः घेऊन येईन, तेव्हा ती काय बोलायचं ते बोलेल. तोवर मला वाकता येत असेल.